द्रौपदाबाई तायडे, पिंप्राळा, यांजकडून सप्रेम भेट

प्रशीलला त्या दिवशी 'बघू' हा शब्द लागला. नखात लाकडाचं कुसळ जावं तसा लागला.

झालं असं, की त्याची बहीण संघमित्रा बाळंतपणाला माहेरी आली होती, जळगावला, पिंप्राळ्यात. मुलगी झाली. धुळ्याहून, देवपूरहून, तिचे सासरे जीवराम आबा नात बघायला आले. आबा म्हणजे चौतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, अर्धा खानदेश त्यांच्या हातची छडी खाऊन मोठा झालाय. त्यांच्या घरचा एक नियम होता. पाळणा मामाकडून यायचा. दीड महिन्यानंतर आई, बाळ आणि पाळणा असे तिघं एकाच गाडीतून सासरी उतरले पाहिजेत.

मामा म्हणजे प्रशील. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये, चार नातेवाईक ऐकत असताना, त्याच्या तोंडून निघून गेलं की पाळणा विकतचा नसणार, मी स्वतःच्या हाताने करणार, सागाचा.

आबांनी चष्म्यावरून त्याच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "बघू."

बस, एवढंच. चौथ्या दिवशी प्रशीलच्या दारात माणसाच्या वजनाला लाजवेल असं खोकं उतरलं.

इथे प्रशीलबद्दल खरं सांगायला पाहिजे. तो शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक. आयुष्यात त्याने एकच खिळा ठोकला होता, कॅलेंडरसाठी, आणि तो खिळा, ते कॅलेंडर आणि बशीएवढं प्लास्टर असे सगळे मिळून खाली आले होते. पण गेले अकरा महिने तो मोबाईलवर सुतारकामाचे व्हिडिओ बघत होता. बघून बघून माणसाला वाटायला लागतं की आपल्याला येतंच. पोहण्याचंही तसंच असतं, फक्त पोहण्यात लवकर कळतं.

खोक्यातून निघालं ते लाकूड कापायचं मशीन. वर ॲल्युमिनियमचं गुळगुळीत टेबल, मधोमध एक फट, फटीतून दहा इंची दातेरी पातं वर येतं. खाली घडीचे पाय आणि दोन चाकं. म्हणजे जिथे काम, तिथे ओढत न्यायचं. ही चाकं त्याला तेव्हा फार आवडली होती. पुढे सगळा घात चाकांनीच केला.

गल्ली जमली. गल्लीला काय, खोकं दिसलं की पुरे. समोरचे तोताराम नाना, भुसावळला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, मशीनभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "हाई काय शे रे भाऊ? पापडनं मशीन शे का?" प्रशीलने सांगितलं, पापडाचं नाही, लाकडाचं. नानांचा चेहरा पडला. मग त्यांनी रेल्वेच्या वर्कशॉपमधला एक किस्सा सांगितला, त्यात सुरुवातीला एका माणसाला दहा बोटं होती. किस्सा संपला तेव्हा आठ राहिली होती. त्यानंतर जो आला त्याने आपापल्या ओळखीतला बोटं गेलेला माणूस सांगितला. संध्याकाळपर्यंत दारात जवळजवळ पंचवीस बोटं गोळा झाली.

ह्याचा परिणाम प्रशीलच्या आईवर झाला. द्रौपदाबाईंनी त्याच दिवसापासून नियम केला, जेवायला बसायच्या आधी दोन्ही हात पुढे. त्या मोजायच्या. एक ते दहा. मगच भाजी वाढायच्या. एकतीस वर्षांचा माणूस, बायको समोर बसलेली, आणि आई बोटं मोजतेय. प्राची म्हणायची, "आई, पायाचीपण बघा, ह्यांचा भरवसा नाही."

पहिला प्रयोग गच्चीवर झाला. मशीनला मोठा प्लग लागतो आणि तो घरात एकाच ठिकाणी होता, गीझरचा. म्हणून बाथरूममधून वायर काढून, जिन्याने फिरवून, गच्चीवर नेली. प्रशीलने डोळ्याला गॉगल लावला, कानात बोळे, गार्ड तपासला, फळी ठेवली, बटण दाबलं.

असा आवाज गल्लीने ऐकला नव्हता. एक फळी चिरली गेली, छान, सरळ, लोण्यासारखी. प्रशीलच्या डोळ्यात पाणी आलं. दुसरी फळी निम्मी गेली आणि मशीन गप्प झालं. प्रशील बोळे काढून ऐकतो तर सगळंच गप्प. घरातले पंखे गप्प, शेजारचे कूलर गप्प, जळगावात एप्रिल, पारा चव्वेचाळीसवर, आणि अख्खी गल्ली घामाघूम होऊन एकेक करत बाहेर येतेय आणि वर बघतेय.

त्यात वाऱ्याने भुसा शेजारच्या गच्चीवर गेला होता. शेजारच्या गच्चीवर पुष्पाबाईंच्या बिबड्या वाळत होत्या. ज्वारीच्या, तीन दिवस आंबवून केलेल्या, दोन खाटा भरून. त्यांच्यावर सागाचा पिवळा थर. पुष्पाबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एक बिबडी उचलली, फुंकली, प्रशीलपुढे धरली आणि शांतपणे विचारलं, "जावई यायचाय पुढच्या हप्त्यात. त्याला काय सांगू, लाकूड तळलंय म्हणून?"

दोन दिवसांनी वीज ऑफिसमधून एक गृहस्थ आले. कोणीतरी तक्रार केली होती की गल्लीत लाकडाची वखार सुरू झालीय. गृहस्थ सभ्य होते, पाणी प्यायले, फॉर्म काढला. तयार होणाऱ्या मालाचं नाव? प्रशील म्हणाला, पाळणा. वार्षिक उत्पादन? एक. गृहस्थांनी पेन थांबवलं. एकच? प्रशील म्हणाला, ह्या वर्षी एकच, पुढचं बहिणीला विचारून सांगतो. आतून संघमित्राचा आवाज आला की काही विचारायची गरज नाही. गृहस्थांनी 'घरगुती' वर खूण केली आणि जाताना सांगितलं, बोटं सांभाळा.

इथपर्यंत ठीक होतं. माणूस सहन करतो. खरा धक्का बुधवारी बसला.

बुधवारी प्रशील शाळेतून आला, मशीनवरची जुनी साडी काढली आणि तिथेच खाली बसला. ॲल्युमिनियमच्या त्या आरशासारख्या टेबलावर, डाव्या कोपऱ्यात, टिंबाटिंबांच्या अक्षरात कोरलं होतं: द्रौपदाबाई तायडे, पिंप्राळा, यांजकडून सप्रेम भेट.

भांड्यांवर नाव टाकणारा गल्लीत आला होता. द्रौपदाबाईंनी दोन पातेली दिली, एक डबा दिला, आणि मग त्यांना वाटलं की एवढी मोठी वस्तू घरात बिननावाची कशी ठेवायची. बिननावाची वस्तू गल्लीत गेली की परत येते का? त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण तो नाव टाकणारा नुकताच एका लग्नघरची सत्तर ताटं संपवून आला होता. त्याचा हात बसलेला. नाव झालं, गाव झालं, आणि हात थांबेचना, 'यांजकडून सप्रेम भेट' पण होऊन गेलं.

प्रशीलने विचारलं, "आई, कोणाला भेट?"

"कोणाला नाही," द्रौपदाबाई म्हणाल्या. "आपल्यालाच. अक्षर बघ किती छान आलंय."

आता गल्लीचा कायदा सांगतो. गल्लीत शेवयांचं मशीन एकच आहे, पुष्पाबाईंचं. ते फाल्गुन ते वैशाख फिरत असतं. ह्या घरून त्या घरी. पुष्पाबाईंना स्वतःला शेवया करायच्या असल्या तर त्यांना चार घरी शोधावं लागतं. कोणी नाही म्हणत नाही, कोणी नाही म्हणूच शकत नाही. त्या मशीनवर तायड्यांनी वीस वर्षं शेवया खाल्ल्यात. तर गुरुवारी पुष्पाबाई आल्या आणि म्हणाल्या की खाटेचे पाय थोडे उंच झालेत, तुझं मशीन एक दिवस दे. बिबड्यांचं नाव काढलं नाही. फक्त बघितलं.

मशीन चाकांवरून गेलं. खडखडत, आज्ञाधारक.

शुक्रवारी प्रशील आणायला गेला तर ते तोताराम नानांकडे. त्यांना देवळीची फळी बसवायची होती. शनिवारी नानांकडे गेला तर नाना म्हणाले, अरे भाऊ, पुतण्याच्या टेम्पोत टाकून भुसावळला पाठवलं, रेल्वेतल्या हितेंद्रकडे, त्याच्या क्वार्टरमध्ये ओट्याखाली कपाट करायचंय, सोमवारी येईल. सोमवार आला. मशीन नाही आलं. हितेंद्र फोन उचलेना. इकडे संघमित्राच्या निघायला बारा दिवस राहिले, आणि पाळण्याची प्रगती म्हणजे चिरलेली दीड फळी.

रविवारी प्रशील स्कूटरवर भुसावळला गेला. रेल्वे कॉलनीत सगळी क्वार्टर्स सारखी, एक तास फिरला. हितेंद्र भेटला. हसतमुख माणूस. नवं कपाट उघडून दाखवलं, बंद करून दाखवलं. खरंच छान झालं होतं. प्रशीलला वाटलं, आपल्या मशीनने जगात सगळ्यांचं काम केलं, आपलं सोडून.

मग त्याने विचारलं, मशीन कुठाय?

"पोहोचवलं की," हितेंद्र म्हणाला.

"कुठे?"

"देवपूरला. जीवराम गुरुजींकडे."

प्रशीलला आधी ऐकूच आलं नाही नीट. हितेंद्रने समजावून सांगितलं, अगदी प्रेमाने. काम झाल्यावर त्याने मशीन पुसलं, तर कोपऱ्यात अक्षरं दिसली. द्रौपदाबाई तायडे, पिंप्राळा, यांजकडून सप्रेम भेट. तोताराम काकांना फोन करून विचारलं, ह्या बाई कोण? काका म्हणाले, समोरच राहतात, लेक देवपूरला दिलीय जीवराम गुरुजींकडे, नुकतीच नात झाली. हितेंद्रच्या अंगावर काटा आला. गुरुजींनी त्याला सातवीला शिकवलं होतं, बीजगणितात पास केलं होतं. म्हणजे ही भेट गुरुजींच्या घरची, आणि आपण तिच्यावर कपाटं कापत बसलो. दुसऱ्याच दिवशी धुळ्याला केळीची गाडी जात होती, तिच्यात मशीन चढवलं. वर एक हार पण घातला.

"गाडीभाडं मी दिलं," हितेंद्र म्हणाला. "तुम्ही काही म्हणू नका."

प्रशील काही म्हणणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. जीवराम आबा.

"मशीन मिळालं," आबा म्हणाले. "निरोप समजला."

आणि फोन ठेवला.

कसला निरोप, हे प्रशीलला भुसावळ ते जळगाव रस्त्यात उमजलं नाही. घरी आला. संघमित्रा मांडीवर बाळ घेऊन बसली होती, डोळे लाल. तिला नवऱ्याचा फोन येऊन गेला होता. आबांनी मशीन समोरच्या खोलीत ठेवलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यावरचं वाचायला लावत होते. आबांनी त्याचा सरळ अर्थ लावला होता. मामाकडून पाळणा यायचा होता. पाळण्याऐवजी विहीणबाईंनी मशीन पाठवलं. म्हणजे काय? म्हणजे, तुम्हाला पाळणा पाहिजे ना, घ्या, कापा तुमचा तुम्ही.

द्रौपदाबाईंचा हात तोंडावर गेला तो तिथेच राहिला. एवढा मोठा अपमान तायड्यांच्या सात पिढ्यांत कोणी कोणाचा केला नव्हता, आणि झाला तो हार घालून.

प्रशील म्हणाला, मी फोन करून समजावतो. संघमित्रा म्हणाली, "काय समजावणार? कोरलेलं आहे ते, दादा. मास्तर माणूस लिहिलेलं मानतो, बोललेलं नाही." मग बाळाचं टोपरं सारखं करत हळूच म्हणाली, "तू निघून येशील. मला त्या घरात जन्म काढायचाय."

दुसऱ्या दिवशी प्रशीलने शाळेत रजा टाकली आणि सागाच्या सहा फळ्या घेऊन धुळ्याच्या एसटीत चढला. कंडक्टरने फळ्यांचं तिकीट फाडलं. फळ्या सीटच्या मधल्या रस्त्यात आडव्या, एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत दर थांब्याला उतरणारा माणूस अडखळायचा आणि प्रशील 'माफ करा' म्हणायचा. एकूण एकोणीस माणसांची माफी मागून तो धुळ्यात उतरला. विसाव्याला काय म्हणायचं ते त्याला कळत नव्हतं.

देवपुरात आबांच्या समोरच्या खोलीत मशीन होतं. खाली सतरंजी, वर सुकलेला हार. बाजूला खुर्चीवर शेजारचे नूर महंमद चाचा चहा पीत होते. जन्मभर सुतारकी केलेले, आता नजर कमी झाली म्हणून बंद. कप धरलेल्या हाताला साडेचार बोटं होती. प्रशीलने ती नकळत मोजली. आईची सवय लागलेली.

"वाच," आबा म्हणाले.

प्रशीलने उभं राहून वाचलं. मोठ्याने, चौथीतल्यासारखं. वाचून झाल्यावर त्याने सगळं सांगितलं. ताटं, बिबड्या, खाटेचे पाय, देवळीची फळी, ओट्याखालचं कपाट, बीजगणित. सांगताना त्यालाच ते खोटं वाटत होतं. आबा शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "गृहपाठ न करणारी पोरं चौतीस वर्षं ऐकली मी. एवढं लांब कोणी सांगितलं नाही."

आता काही सांगायला उरलंच नव्हतं. तो म्हणाला, "आबा, खरं मानू नका. फक्त दोन दिवस अंगण द्या. आणि गीझरचा प्लग."

आबांनी चष्म्यावरून बघितलं. ह्या वेळी 'बघू' म्हणाले नाहीत. उठून बाथरूमचं दार उघडलं.

प्रशीलने अंगणात मशीन मांडलं. फळीतून बरोबर दहा कठडे निघतील असा हिशोब केला, टेप लावून, मिलिमीटरमध्ये, व्हिडिओत करतात तसा. एक मोजून कापला, दुसरा मोजून कापला, सगळे सारखे. दहावा हातात घेतला तर बाकीच्यांपेक्षा तब्बल इंचभर तोकडा. त्याने परत मोजलं. परत तोकडा. असा कसा? हिशोब बरोबर, कापणं बरोबर, लाकूड गेलं कुठे? तो खाली वाकून मशीनच्या आत बघायला लागला, जणू तो इंच तिथे पडला असेल.

नूर चाचांनी कप खाली ठेवला. "बेटा, पात्याला पण पोट असतं. दर वेळेला एक घास खाणारच ते. तू त्याला जेवायला धरलंच नाहीस." आणि खाली पडलेला भुसा साडेचार बोटांच्या चिमटीत धरून दाखवला. "हा तुझा इंच."

प्रशील भुशाकडे बघत राहिला. अकरा महिने व्हिडिओ बघितले, हे कसं निसटलं? कदाचित जाहिरातीत असेल, त्याने जाहिरात पुढे ढकलली असेल.

सागाची फळी आता मोजकीच उरली होती. एक चूक अजून झाली असती तर पाळण्याला तीनच बाजू आल्या असत्या. तेवढ्यात लांब फळीचं मागचं टोक खाली झुकायला लागलं, आणि ते कोणीतरी धरलं. आबांनी धरलं होतं. धोतर वर खोचून, गॉगल नाही म्हणून वाचायचा चष्मा लावून. "बघतोस काय," म्हणाले, "ढकल. सावकाश."

दोघांनी मिळून फळी काढली. मग दुसरी काढली. तिसरीला आबा म्हणाले, "मला दे." प्रशीलने गार्ड दाखवला, फळी ढकलायची काठी दाखवली, हात कुठे ठेवायचा नाही ते तीनदा सांगितलं. आबांनी बटण दाबलं. फळी सरळ, गुळगुळीत चिरत गेली. मशीन थांबलं तरी आबा तसेच उभे. भुसा मिशांवर, भुवयांवर. चौतीस वर्षं ह्या माणसाने फक्त खडू आणि छडी धरली होती.

"आणखी एक काढू का?" आबांनी विचारलं. हळू आवाजात.

पाळणा झाला. दोन दिवसांचे चार दिवस लागले. तोकडा कठडा नूर चाचांनी पाचर मारून जुळवला, त्यामुळे पाळणा डावीकडे जातो तेव्हा कुई करतो, उजवीकडे जाताना गप्प असतो. संघमित्रा बाळाला घेऊन आली. तिघांनी एकाच गाडीतून उतरायच्या नियमाचं आबांनी नाव काढलं नाही. बाळाला पाळण्यात ठेवलं. कुई, गप्प, कुई, गप्प. बाळ झोपलं. आबांनी आल्या-गेल्याला सांगितलं की पाळणा मामाने केलाय. 'आम्ही' असं फक्त दोनदा म्हणाले.

निघताना प्रशीलने मशीनचे पाय घडी केले आणि चाकांवर घेतलं. आबा दारात आडवे उभे.

"हे कुठे?"

"घरी नेतो, आबा."

आबांनी बोट ठेवलं. टिंबाटिंबांच्या अक्षरांवर. "सप्रेम भेट परत नेत नसतात."

प्रशीलने आईला फोन लावला. त्याला वाटलं, आई तरी. द्रौपदाबाई सगळं ऐकून म्हणाल्या की व्याह्यांचं बरोबर आहे, नाव टाकून दिलेली वस्तू मागायची कशी, ताटं मागतो का आपण? प्रशील मशीनकडे बघत उभा राहिला. अकरा महिन्यांचं स्वप्न, त्यातल्या चार दिवसांचा संसार. मग एसटीने रिकाम्या हाताने आला. अगदी रिकामा नाही. आबांनी तसंच पाठवायला नको म्हणून एक पाट दिला होता, स्वतः केलेला, एका बाजूने दोन सूत तोकडा. प्रशील त्याच्यावर बसून जेवतो. किंचित धुळ्याकडे कलून.

त्या संध्याकाळी त्याने सवयीने दोन्ही हात पुढे केले तर आईने भाजी वाढून टाकली. बघितलंही नाही. त्या फोन कानाला लावून बसल्या होत्या, मग स्पीकरवर टाकला.

"व्याहीबुवा, मशीन चालवलं का आज? मोजा बरं बोटं."

"मोजतो," आबांचा आवाज आला. मागे पाळणा कुई करत होता. "एक. दोन. तीन. चार. पाच."

पुढे काही नाही.

"पुढे?" द्रौपदाबाई म्हणाल्या.

"पुढे नाहीत."

प्राचीच्या हातातली भाकरी ताटात पडली. प्रशील पाटावरून सरकला. द्रौपदाबाई पांढऱ्या पडल्या, एका हाताने भिंत धरली. धुळ्याकडून फक्त कुई, गप्प, कुई, गप्प.

"बाकीची," आबा म्हणाले, "फोन धरून आहेत, विहीणबाई."